बादलीला पडलेली मतं

"मत कुणाला दिलं ते सांगायचं नाही, बाई. तुम्हीच सांगून गेलात," शिंपी म्हणाला आणि दातांत धरलेला दोरा त्याने कटकन तोडला.

"अहो दादा, कुणाला दिलं ते कुठं विचारतेय मी? कागदावर बादली का काढली, एवढंच विचारते."

"म्हणजे तेच झालं की."

"तेच कसं?"

"काढली म्हटलं तरी कळलं, नाही काढली म्हटलं तरी कळलं." शिंप्याने मशीनवरचा सदरा उलटा केला, शिवण डोळ्यांशी नेली आणि तिथूनच विचारलं, "चहा सांगू का?"

दारात टेकून उभा असलेला ड्रायव्हर खुदकन हसला. बाईंनी त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं, तसा तो खोकल्याचं निमित्त करून गाडीकडे निघून गेला. शिंपी मात्र हसत नव्हता. त्याच्या तोंडावर अशी काही सज्जन शांतता होती, की या माणसाला काही कळलेलंच नाही, का सगळंच कळलेलं आहे, हे साक्षात परमेश्वरालाही सांगता आलं नसतं.

चहा झाला. खडीच्या गल्लीतून बाई पुढे निघाल्या. वारा कोरडा होता आणि दोन्ही बाजूंच्या दारांतून माणसं डोकावून हात जोडत होती. "आल्या का गाणाऱ्या बाई?" "आले हो." "मुक्काम आहे का?" "नाही, संध्याकाळी परत." अगत्यात काही कमी नव्हतं. पण सकाळपासून ज्या ज्या घरी त्या गेल्या, तिथे तिथे पाट मिळाला, पाणी मिळालं, विचारपूस झाली, आणि मूळ प्रश्न काढला की समोरच्याचं तोंड कुलूप घातल्यासारखं बंद होई.

आणि ते कुलूप बाईंनीच तर घातलं होतं!

कचेरीची एक निळी गाडी होती. तिच्यात एक ट्रंक, एक घडीचा पडदा, एक लाकडी पेटी आणि पेन्सिलींचा डबा घालून बाई गावोगाव फिरत. मत कसं द्यायचं, गावच्या सभेत उभं राहून प्रश्न कसा विचारायचा, अंगठा उमटवण्याआधी कागद वाचून का घ्यायचा, हे सगळं त्या लोकांना समजावून सांगत. केस काळे होते तेव्हापासून त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं. आता केस पांढरे झाले होते, गाडी दोनदा बदलली होती, साहेब तर किती बदलले त्याची गणतीच नव्हती. बाई तेवढ्या त्याच होत्या.

मतदानाची तालीम करून दाखवायची तर कचेरीचा नियम ठरलेला होता. टेबलावर तीन वस्तू मांडायच्या, एक बादली, एक कंदील, एक शिडी. कागदावर या तिघांची चित्रं. लोकांनी पडद्यामागे जायचं, आवडेल त्या चित्रावर पेन्सिलीने फुली मारायची आणि कागद पेटीत टाकायचा. वस्तू अशासाठी, की कचेरी कुणा उमेदवाराच्या बाजूची आहे असं कुणी म्हणू नये. आणि वस्तूंबद्दल अवाक्षर बोलायचं नाही, हेही नियमातच होतं.

इथेच बाईंची जीभ सैल सुटे. मुकी वस्तू त्यांना बघवत नसे. त्यांचे वडील गाऊन प्रवचन करीत. त्या प्रवचनात मडकं बोलायचं, उंबरठा बोलायचा, आणि देव तर शेजारच्या घरातून मीठ मागायला यावा तसा सहज आत येऊन बोलायचा. लोक आधी हसत, मग हसता हसता कधी पदराने डोळे पुसू लागत ते त्यांचं त्यांनाही कळत नसे. मागे बसून झांजा धरणारी लहानगी पोर म्हणजे या बाई. त्यामुळे त्यांच्या तालमीत कंदील म्हणायचा, "मला निवडा, तुमच्या वाटेवर उजेड पाडीन." शिडी म्हणायची, "मला धरा, शाळेच्या गळक्या छपरापर्यंत पोचवीन." बादली मात्र गप्प. बाई बोटाने तिला टिचकी मारत, ती रिकामी वाजे. पुन्हा टिचकी. मग बादली लाजत लाजत म्हणे, "मला बाई बोलता येत नाही. मला भरा, म्हणजे मी आपसूक तुमच्या घरी येईन."

या गावात पाण्याचे हाल होते. बादली दणक्यात निवडून आली. पोराटोरांनी तिला डोक्यावर घेऊन गावभर मिरवलं. शेवटी बाईंनी सगळ्यांकडून गाणं म्हणून घेतलं, टाळ्यांच्या ठेक्यावर, गल्लीतल्या भिंती थरथरेपर्यंत:

तुझं मत तुझ्यापाशी, जसा श्वास तुझ्या उराशी,
नको सांगू शेजाऱ्याला, नको सांगू घरधन्याला,
मीही आले विचारायला, तरी सांगू नको मला!

मग खरी निवडणूक आली. कागदावर चित्रं होती चाक, झाड आणि होडी. मतमोजणीच्या दिवशी या गावची पेटी उघडली तर निम्म्याहून जास्त कागदांवर चाकावर फुली नाही, झाडावर नाही, होडीवर नाही. खालच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीने काढलेली बादली! कुठे उभट, कुठे बसकी, एका कागदावर तर कडीला दोरही बांधलेला. सगळी मतं रद्द झाली. मोजणीच्या हॉलमध्ये कारकून पोट धरधरून हसले. बाईंचे साहेब तेवढे हसले नाहीत.

"बाई, वरून विचारणा झालीय," त्यांनी दार लोटून घेत सांगितलं होतं. साहेब मनाने वाईट नव्हते. फाइलीवर सही करताना स्वतःही काहीबाही गुणगुणत. "वरचे म्हणतात, तुमच्या गाण्यानं घोटाळा केला. लोकांना तालीम कुठली आणि खरं कुठलं, हेच कळलं नाही."

"आणि तुम्ही काय म्हणता, साहेब?"

"मी म्हणतो, एक माणूस आणा. एकच. त्यानं लिहून द्यावं की आम्ही समजूनउमजून बादली काढली, आम्हाला तिघंही नको होते. मग तो शिकवण्याचा दोष उरत नाही, लोकांची मर्जी ठरते. मी तसं वर कळवतो."

"आणि नाही मिळाला तर?"

साहेबांनी टेबलावरचा कागददाब उगाचच फिरवला. "तर मग ध्वनिमुद्रण. गाडीवर भोंगा लावायचा. मजकूर तुमचाच ठेवू, बाई. फक्त चाल काढून टाकू."

चाल काढून टाकू! सदऱ्याचं एखादं बटण काढावं तसं साहेब बोलून गेले. बाई भावाच्या घरी मागच्या खोलीत राहत. वहिनी प्रेमळ होती, वेळेवर ताट वाढी, दुखलंखुपलं पाही. फक्त बाईंनी तान घेतली, की ती हळूच मधलं दार ओढून घेई. बाईंना मोकळ्या गळ्याने गाता येई ते एवढ्या या गावांत, या गाडीच्या भरवशावर. एक माणूस मिळाला तर गाणं राहणार होतं. नाही मिळाला तर जाणार होतं.

तरीही एक गंमत होती, आणि ती बाईंनी कुणाजवळ बोलून दाखवली नव्हती. नोकरीच्या काळजीइतकंच, कधीकधी तर तिच्याहूनही जास्त, त्यांना कुतूहल छळत होतं. बादली काढताना या माणसांच्या मनात काय होतं? भोळेपणा होता, का पक्का कावा होता?

गावाबाहेरच्या टाकीपाशी बायकांची रांग होती. हातपंप केव्हाचा गंजून पडला होता. टँकर यायचा तेव्हा टाकीत पाणी, नाहीतर नुसती वाट पाहणं. बाई दिसताच रांगेत कालवा झाला.

"आली गं, बादलीची आई आली!"

"लेकीचं लग्न ठरवायला आलात का, बाई? कंदिलाचं स्थळ चांगलंय!"

बाई हसल्या, एका पालथ्या हंड्यावर बसल्या. "थट्टा पुरे झाली. मला एक सांगा..."

"नाही सांगणार," लांब वेणीची एक सून पटकन म्हणाली. "माझ्या नवऱ्यानं विचारून विचारून जीव खाल्ला. सांगितलं नाही म्हणून एक वेळ जेवला नाही तो."

"एकच वेळ," मागून तिची सासू म्हणाली. "दुसऱ्या वेळी दोघांचं जेवला. आणि बाई, ही मलासुद्धा सांगत नाही हो! सख्ख्या सासूला!"

"तुम्ही तरी सांगितलंत का मला?"

"मी का सांगू? मोठी मी आहे."

सगळ्या खदखदल्या. बाईंनी हसू ओसरू दिलं. "अगं पण त्या कागदावर बादली नव्हतीच. चाक, झाड, होडी, एवढंच होतं. हे दिसलं होतं ना तुम्हाला?"

कुणी पदर खोचला, कुणी कळशीच्या तळाला लागलेली माती नखाने खरवडू लागली.

"दिसायला डोळे दिलेत देवानं," सासू म्हणाली.

"मग?"

"मग काय, बाई? आपलं मत आपल्यापाशी." आणि तिने गाण्याची ती शेवटची ओळ, मीही आले विचारायला, इतक्या गोड आवाजात म्हणून दाखवली की बाईंना रागवावं का कौतुक करावं ते कळेना. ओळ सुरात होती. ठेकाही बरोबर.

तिथून शाळेकडे येताना वाटेत शाळेचा म्हातारा शिपाई भेटला. तो कधीचाच कामावरून निवृत्त झाला होता, पण शाळेची किल्ली अजून त्याच्याच कमरेला होती. त्याने बाईंना थांबवलं, इकडेतिकडे पाहिलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "बाई, ती बादली कुठं राहते हो?"

"कोण बादली?"

"आपली. निवडून आली ना ती? मग अजून गावात फिरकली नाही म्हणून विचारलं." जरा थांबून तो म्हणाला, "तशी मागचे निवडून आलेलेही नाहीच फिरकले. पण तिचा स्वभाव वेगळा वाटला होता."

बाईंनी त्याच्या डोळ्यांत वाकून पाहिलं. तिथे मोतीबिंदूचा धूसर पडदा तेवढा होता. या म्हाताऱ्याला त्यांनी तोंडावर पाणी मारून विचारलं असतं तरी त्याने ताकास तूर लागू दिली नसती. किंवा त्याला खरोखरच तेवढंच माहीत असेल! बाई वाटेत उभ्या राहून एकट्याच हसल्या. लहानपणी वडिलांच्या प्रवचनात गोष्ट ऐन रंगात यायची आणि वडील मध्येच थांबून पाण्याचा घोट घ्यायचे, तेव्हा जसा जीव कासावीस व्हायचा, तस्सा झाला होता. पुढे काय? पुढे काय?

"बाई, जरा थांबा."

गिरणीवाले हाक मारत होते. भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर पीठ, आणि त्या पांढऱ्यातून दोन तल्लख डोळे. गावात गिरणी एकच होती. त्यांचा मेहुणा या खेपेला चाकाच्या निशाणीवर उभा होता आणि थोडक्यात पडला होता.

"तुमचा ड्रायव्हर गाडीत पाणी भरायला आला होता. सांगत होता, तुम्हाला म्हणे एक माणूस पाहिजे."

बाईंनी मनातल्या मनात ड्रायव्हरचे कान उपटले. "तसं काही नाही हो."

"लाजता कशाला? मलाही माणसंच पाहिजेत." ते हसले. "तुम्ही दुपारी शाळेत सगळ्यांना बोलावलंयच. मी येऊन बसतो. माझ्यासमोर लोक जरा मोकळेपणानं बोलतात. तुम्ही विचारा, मी ऐकतो. तुमचं काम होईल, माझंही होईल."

"तुमचं कसलं काम?"

"छे, काम कसलं! माहीत असलेलं बरं असतं इतकंच. कुणाचं दळण आधी घ्यायचं, कुणाचं राहू द्यायचं. शेवटी गिरणी म्हटली की नंबर आला."

एवढं बोलून त्यांनी भुवयांवरचं पीठ पुसलं आणि अगदी घरच्यासारखं विचारलं, "भावाची तब्येत बरी आहे ना?"

गाडीपाशी आल्यावर बाईंनी ड्रायव्हरला फैलावर घेतलं. "तोंड आहे का गावची चावडी? कुणाकुणाला सांगितलंस?"

"चांगल्यासाठीच सांगितलं, बाई!" ड्रायव्हर कळवळून म्हणाला. "तुमचं गाणं गेलं तर मी त्या भोंग्याबरोबर फिरू? भोंगा मला विचारणार आहे, बाबा रे, जेवलास का म्हणून? गिरणीवाल्यांना सांगितलं, आणि एक त्या शेळीवाल्या आजीला. बस, दोघंच."

"आजीला कशाला?"

"तिनं विचारलं, बाईंचं तोंड का उतरलंय. मग काय, खोटं बोलू?"

दुपारी शाळेची मोठी खोली भरून गेली. खिडक्यांच्या गजांना धरून बाहेरही माणसं उभी होती. शिंपी आला होता, टाकीवरच्या बायका आल्या होत्या, सासू-सून एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. शेळीवाली आजी नेहमीप्रमाणे अगदी पुढे, बाईंच्या पायांशी. बाईंचं गाणं असलं की ती शेळ्या दुसऱ्याच्या हवाली करून येई आणि ऐकताना तोंड उघडं टाकून लहान मुलासारखी बघत राही. गिरणीवाल्यांसाठी कुणीतरी खुर्ची आणून दाराशी ठेवली होती. आत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला त्यांच्या गुडघ्यांना वळसा घालूनच जावं लागत होतं.

बाई उभ्या राहिल्या. "मला तुम्हाला एक विचारायचं होतं," त्या म्हणाल्या, आणि समोर पाहून थांबल्या.

सगळी खोली त्यांच्याकडे बघत होती. त्या डोळ्यांत भीती असती तर बाईंना समजलं असतं, राग असता तरीही समजलं असतं. पण सकाळपासून जे त्यांच्या स्वतःच्या मनात होतं, तेच समोर बसलं होतं: कुतूहल. शिकवून गेलेल्या बाई आता काय करतात? विचारतात की नाही? जणू आज परीक्षा बाईंची होती आणि सगळं गाव श्वास रोखून निकालाची वाट पाहत होतं.

बाईंना वाटलं, एखाद्याला हळूच बाजूला घ्यावं, कानात विचारावं. पण साहेबांना तोंडी नको होतं, सही हवी होती. सहीचा कागद कचेरीत जाणार, कचेरीतून वर जाणार, आणि वाटेत कुठेतरी तो पीठ लागलेल्या हातांतही जाणार. मग त्या माणसाचा गिरणीतला नंबर? किती दिवस राहू देतील त्याचं दळण?

तेवढ्यात पायांशी हालचाल झाली. शेळीवाली आजी बाईंच्या साडीचा आधार घेत उठत होती.

"विचारतेस काय पोरी, मीच सांगते की," आजी म्हणाली. आवाज म्हातारा होता, पण शेळ्यांना डोंगरावरून हाका मारून तयार झालेला. "तुझं गाणं बंद पडायला नको. मला आता कुणाचं भ्या? दोन शेळ्या आणि एक दात, काय न्यायचं ते नेऊ दे. घे लिहून. आदल्या दिवशी आम्ही सगळ्या बायका टाकीपाशी जमलो, आणि..."

दाराशी खुर्ची करकरली. गिरणीवाले पुढे वाकले होते. सून सासूच्या हाताला घट्ट धरून बसली होती.

आणखी एक श्वास, आणि बाईंना सगळं मिळालं असतं. माणूस, सही, गाणं, आणि दिवसभर ज्याने जीव कासावीस केला होता ते उत्तरसुद्धा. ते तर ओठांवर आलंच होतं.

बाईंनी डोळे मिटले आणि सूर लावला.

त्यांच्या वडिलांचा सूर होता तो. प्रवचनाला माणसं जमत, कुजबुज चाले, तेव्हा वडील काही न बोलता असा एक लांब आ-कार लावत, देवाला हाक मारण्याआधीचा, ज्याला अजून शब्द नाहीत असा. सभा आपोआप निःशब्द होई. बाईंनी तो कधी शाळेच्या खोलीत लावला नव्हता. पत्रे आणि बाकं आणि फळा यांच्यासाठी तो फार मोठा होता. आता तो सुटला आणि खोलीच्या कानाकोपऱ्यांत जाऊन भरला. आजीचा आवाज त्यात कुठल्या कुठे बुडून गेला. आजीचे ओठ मात्र हलत होते. बाईंनी पापण्या आणखी घट्ट मिटून घेतल्या.

सूर संपत आला तेव्हा मागून कुणीतरी टाळी धरली. मग दुसरी. शिंप्याने बाकावर ठेका दिला. बाईंनी देवाचं साधं भजन उचललं, घराघरांत म्हणतात तसलं, ज्यात तो कुठे राहतो, काय खातो असं विचारत विचारत जायचं असतं, आणि तो शेवटपर्यंत पत्ता सांगत नाही. लोकांनी ते उचलून धरलं. आजी थोडा वेळ बोलत राहिली, मग बोलता बोलताच गाऊ लागली. तिचं ते वाक्य कुठे संपलं आणि भजन कुठे सुरू झालं, हे कुणालाच कळलं नाही.

गाणं थांबलं तेव्हा गिरणीवाले दारात उभे होते.

"बाई, तुमचं विचारायचं राहिलं."

"हो," बाई म्हणाल्या, "राहिलंच बघा."

मग त्यांनी रोजच्यासारखं काम केलं. गावच्या सभेत टाकीचा प्रश्न कसा मांडायचा ते सांगितलं. आधी कुणी उठायचं, उत्तर नाही मिळालं तर दुसऱ्याने तोच प्रश्न पुन्हा कसा विचारायचा, तिसऱ्याने कसा, ते सगळ्यांकडून उभं करून घोटून घेतलं. लांब वेणीची सून तिसऱ्यांदा विचारायला उठली तेव्हा तिचा आवाज पहिल्या दोघांपेक्षा खणखणीत निघाला. तिचा नवरा खिडकीबाहेरून बघत होता; त्याने नकळत मान डोलावली.

परतीच्या वाटेवर गाडी उतरणीला लागली. एका वळणावर ड्रायव्हरला राहवलं नाही.

"एका क्षणात काम झालं असतं, बाई."

"झालं असतं."

"आजी काय म्हणत होती हो? आम्ही लांब होतो, पण तुम्ही तर अगदी तिच्या पुढ्यात."

"मला कसं कळणार? डोळे मिटले होते मी."

ड्रायव्हरने गिअर बदलला. मग म्हणाला, "गाताना तुम्ही कधी डोळे मिटत नाही."

बाई खिडकीबाहेर बघत होत्या आणि आजीचं ते अर्धं वाक्य मनातल्या मनात घोळवत होत्या. आदल्या दिवशी आम्ही सगळ्या बायका टाकीपाशी जमलो, आणि. आणि काय? हसल्या असतील? भांडल्या असतील? ओल्या मातीत काडीने पहिली बादली कुणी काढून दाखवली असेल? सासूने का सुनेने? का टाकीपाशी जमल्या त्या पाण्यासाठीच, आणि बादलीची गोष्ट वेगळीच होती? त्यांना इतकं जाणून घ्यायचं होतं, इतकं, की हाताची बोटं मांडीवर चाळवत होती. आणि तरी चेहऱ्यावर हसू होतं. देव असाच तर वागतो, त्यांच्या मनात आलं. अर्धं सांगतो आणि गप्प बसतो, आणि माणूस आयुष्यभर त्याच्या दारात ताटकळत राहतो, पण उठून जात नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्यांना बसायला सांगितलं.

"मिळाला का माणूस?"

"नाही, साहेब."

"विचारलंत का सगळ्यांना?"

"गाव जमलं होतं, तेव्हा नाही विचारलं."

"का बरं?"

"उत्तर द्यायला लागले होते, म्हणून."

साहेबांनी चष्मा काढला. काचा पुसल्या, चष्मा परत घातला, आणि समोरचा कागद ओढून त्याच्यावर सही केली. या खेपेला सही करताना ते गुणगुणले नाहीत.

ध्वनिमुद्रण कचेरीच्या मागच्या एका खोलीत झालं. भिंतींना जुन्या सतरंज्या ठोकल्या होत्या आणि खिडकी पुठ्ठ्याने बुजवली होती. शहरातून एक तरुण निवेदिका आली होती. गुणी पोर होती, शब्द मोत्यासारखे सुटे सुटे बोलत होती. आत जाण्याआधी तिने बाईंना वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "काही चुकलं तर सांगाल ना?"

"तू नीटच म्हणशील," बाई म्हणाल्या.

यंत्रावर बसलेल्या माणसाने बाईंना बाहेर थांबायला सांगितलं. आत श्वाससुद्धा ऐकू जातो, म्हणाला. दाराच्या फटीतून बाहेरचा आवाजही जातो. बाईंच्या चपला चालताना वाजत होत्या. त्यांनी त्या काढल्या, मांडीवर घेतल्या आणि दाराबाहेरच्या स्टुलावर बसल्या. दार बंद झालं. आतून त्यांचेच शब्द एकामागून एक, सरळ, स्वच्छ, येऊ लागले. तुझं मत तुझ्यापाशी. जसा श्वास तुझ्या उराशी.

पॅसेजमधून जाणारा एक कारकून त्यांना बघून थबकला आणि काही विचारणार होता. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. तो चवड्यांवर चालत निघून गेला. बाई ताठ बसल्या होत्या, दोन्ही हात चपलांवर, मान जराशी दाराकडे कललेली. आणि खाली, गार फरशीवर, त्यांच्या अनवाणी पायाचा अंगठा हलके हलके ठेका धरत होता, जराही आवाज न करता.